सोयासॉसशिवाय, पाव चमचा मिठात: बीपीवाल्या घरासाठी चिकन-भाज्यांचं झटपट स्टर फ्राय

डॉक्टरांनी ‘मीठ-तेल कमी करा’ म्हटलं की आमच्या सोलापुरात आधी शेंगा चटणीचा डबा लपवला जातो, मग मटणाचा रविवार बंद होतो. चिकनला मात्र बहुतेक वेळा परवानगी असते: साल काढलेलं आणि तर्री नसलेलं. मग घरचे ते कुकरला लावतात, वर मिरपूड भुरभुरतात आणि पुढ्यात ठेवतात. ताटावरचा माणूस दोन घास खाऊन ‘भूक नाही’ म्हणत उठतो. त्याचा काही दोष नाही. उकडलेलं अळणी चिकन रोज खाऊ शकणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

स्टर फ्राय, म्हणजे मोठ्या आचेवर भराभर परतलेलं चिकन आणि भाज्या, हा यावरचा चांगला मार्ग आहे. पण हॉटेलात किंवा संध्याकाळच्या चायनीज गाडीवर मिळतं तसं नाही. तिथे चवीचा सगळा भार सोयासॉसवर असतो, आणि सोयासॉस म्हणजे मिठाचं पाणीच. इथे दिलेल्या पद्धतीत तो भार आच, आंबटपणा आणि भाजलेले कारळे असा वाटून घेतला आहे. चिराचिरी आणि चिकन मुरवणं धरून अर्धा तास लागतो. प्रत्यक्ष कढई गॅसवर असते ती दहा-बारा मिनिटंच.

एक गोष्ट आधीच सांगते. ही कृती रक्तदाब असलेल्यांसाठी आहे, आणि जोडीला साखर असेल तरीही चालते. किडनीचा आजार असेल तर मात्र हा लेख बघून स्वयंपाकाला लागू नका. तिथे मिठाबरोबर पोटॅशियम आणि प्रथिनांचंही माप असतं, आणि ते डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञच ठरवतात.

मीठ नेमकं कुठून येतं

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. सोडियमच्या भाषेत ते साधारण २००० मिलिग्रॅम होतं. मापाचा ५ मिलीचा चमचा सपाट भरला तर त्यात बारीक मीठ ६ ग्रॅमच्या आसपास बसतं. म्हणजे दिवसभराचा चहा-नाश्ता, दोन्ही जेवणं, पापड-लोणचं सगळं मिळून एका चमच्याच्या आत.

आता सोयासॉस बघा. नेहमीच्या सोयासॉसच्या १५ मिलीच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. दोघांच्या स्टर फ्रायला असे दोन चमचे सहज जातात, म्हणजे माणशी जवळपास अर्ध्या दिवसाचा कोटा. त्यावर पुन्हा मीठ, चिली सॉस आणि अजिनोमोटो. बरेच आचारी चिकन मऊ करायला खायचा सोडाही लावतात. सोडा खारट लागत नाही म्हणून लक्षात येत नाही, पण पाव चमचा सोड्यात ३०० मिलिग्रॅम सोडियम असतं. आपण सोडा वापरणार नाही. चिकन मऊ ठेवायची दुसरी युक्ती पुढे येते.

अजिनोमोटोची लोकांना उगीच फार भीती वाटते. वजनाला वजन धरलं तर त्यात मिठाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच सोडियम असतं. पण गाडीवर तो मिठाच्या जागी येत नाही, मिठावर आणखी पडतो. या कृतीत त्याची गरज नाही.

सैंधवाबद्दल घरोघरी एक ठाम समजूत असते: ‘साधं मीठ बंद केलंय, आता सैंधवच खातो.’ पण सैंधव हेसुद्धा जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. रंग गुलाबी असला म्हणून हिशेब बदलत नाही. दुकानात मिळणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठाची गोष्ट वेगळी. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेलं असतं. ते काहींना उपयोगी पडतं, पण किडनी कमजोर असेल किंवा बीपीची काही ठरावीक औषधं चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढून धोका होऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नका.

आणि आपल्या घरचं छुपं मीठ? कांदा-लसूण मसाल्यात ते टिकावासाठी चांगलं मुठीने पडतं. काळा मसाला करताना काही घरांत खडे मीठ घालून कुटतात, काही घरांत नाही. ज्यांनी मसाला केला त्या आत्याला किंवा सासूबाईंना विचारून घ्या. विकतच्या आलं-लसूण पेस्टमध्ये तर मीठ असतंच. फ्रोझन चिकनच्या काही पाकिटांतलं मांस मिठाच्या पाण्यात मुरवलेलं असतं, तेव्हा मागचा तक्ता वाचा. सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मीठ किती ते कळतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

बाजारातून काय आणायचं

दोन माणसांच्या पोटभर जेवणाचं माप असं:

चिकन, बोनलेस, छातीचं: २५० ग्रॅम
गाजर १ मध्यम, ढोबळी मिरची १, फरसबीच्या १०-१२ शेंगा, कोबीचा पाव गड्डा (लहान), कांदा १, कांद्याच्या पातीच्या ३-४ काड्या
लसूण ८-१० पाकळ्या, आलं बोटाच्या पेराएवढं, हिरव्या मिरच्या २
टोमॅटो १, पिकलेला
डाळिंबाचे दाणे मूठभर, लिंबू १
कारळे २ मोठे चमचे
कॉर्नफ्लोअर २ लहान चमचे
मिरे १०-१२, जाडसर कुटून
तेल २ लहान चमचे
मीठ पाव लहान चमचा, मोजून

चिकनवाल्याकडे गेल्यावर नीट सांगावं लागतं, नाहीतर त्याचा हात सवयीने रश्श्याचे तुकडे पाडतो. ‘मामा, छातीचं बोनलेस द्या पाव किलो. साल काढून. तुकडे नका करू, अख्खंच द्या.’ तो एकदा तरी विचारणारच, ‘बारीक करून देऊ का ताई?’ नको म्हणा. दुकानातल्या लाकडी ओंडक्यावर सुरीचे घाव कसेही पडतात, आणि या पदार्थात मांस कोणत्या दिशेने कापलं याला फार महत्त्व आहे.

गावरान कोंबडी यासाठी घेऊ नका. तिची चव रश्श्यात, आणि तीही निवांत शिजवल्यावर. चार मिनिटांच्या परतण्यात ती चामड्यासारखी होते. इथे आपल्याकडे ज्याला ‘बॉयलर’ म्हणतात तेच हवं. छातीच्या मांसात चरबी कमी असते आणि २५० ग्रॅमचे दोन वाटे केले तर माणशी साधारण २८ ग्रॅम प्रथिनं मिळतात. मांडीचं मांस जास्त रसदार असतं हे खरं. ज्यांना तेल-चरबीचं पथ्य सौम्य आहे त्यांनी ते खुशाल घ्यावं, शिजायला मिनिटभर जास्त द्यावं.

उन्हाळ्यात चिकन सगळ्यात शेवटी घ्या. एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशी पार करतं. अशा उन्हात कच्चं मांस पिशवीत तासभरापेक्षा जास्त राहता कामा नये. आधी मंडईत भाजी, मग चिकन, मग थेट घर.

भाजीत हट्ट नको, पण एक नियम पाळा: पाणी सोडणारी भाजी नको. दुधी, दोडका, पडवळ, वांगं या पदार्थात घातलं तर स्टर फ्राय न होता कालवण होतं. फ्लॉवरचे लहान तुरे चालतात. गवार चालते, पण आधी वाफवून घ्यावी लागते. कोवळी भेंडी धुऊन, पूर्ण कोरडी करून, लांब चिरून घातली तर मोठ्या आचेवर फार छान होते. भेंडी आणि चायनीज म्हटल्यावर लोक हसतात, पण करून बघा.

कारळ्याची पूड: सोयासॉसची जागा कोण घेतं

सोयासॉस तीन कामं करतो. खारटपणा देतो, गडद रंग देतो आणि जिभेवर रेंगाळणारी एक खोल चव देतो. खारटपणा आपल्याला नकोच आहे. राहिलेल्या दोन गोष्टी आपल्या डब्यात आधीपासून आहेत. सोलापूर-मराठवाड्याकडे कारळ्याची चटणी भाकरीबरोबर नेहमीची. तीच, पण मीठ न घालता.

जाड बुडाच्या कढईत किंवा तव्यावर कारळे मंद ते मध्यम आचेवर कोरडेच भाजा. सुरुवातीला काहीच होत नाही. दोन-तीन मिनिटांनी एखादा दाणा तडकतो, मग चार-पाच, मग बारीक तडतड सुरू होते आणि तेलकट, खमंग वास वर येतो. ही तडतड जोरात असतानाच गॅस बंद करून कारळे ताटलीत काढायचे. ती थांबेपर्यंत वाट बघू नका. मुळातच काळ्या दाण्याचा रंग बघून तो जळला की नाही ते कळत नाही, फक्त नाकाला कळतं, आणि तोवर कडवटपणा आलेला असतो. गार झाले की खलबत्त्यात जाडसर कुटा. मिक्सर फिरवायचा तर थांबत थांबत, कारण सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो. पूड हवाबंद बाटलीत आठवडाभर चांगली राहते, त्यामुळे एकदम वाटीभर करून ठेवायला हरकत नाही.

ही पूड शेवटी घातली की भाज्यांवर गडद काळपट थर बसतो आणि बघणाऱ्याला सोयासॉसच घातलाय असं वाटतं. कारळे नसतील तर तीळ घ्या. तिळाची चव जास्त सौम्य, रंग येत नाही. शेंगदाण्याचा कूटही चालतो, फक्त तो घरी भाजलेल्या दाण्यांचा असू दे, खाऱ्या दाण्यांचा नको.

आंबट-गोड बाजूसाठी डाळिंब. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र ज्या शहरात आहे तिथे राहून आपण डाळिंबाचे फक्त दाणे सोलून खातो, स्वयंपाकात मात्र क्वचितच घालतो. मूठभर दाणे गाळणीत घेऊन वाटीच्या बुडाने दाबले की दोन मोठे चमचे रस निघतो. आपल्याकडचं भगवा डाळिंब गोड असतं, आंबटपणा त्यात बेताचाच. म्हणून शेवटी लिंबू लागतंच. या रसामुळे साखर किंवा केचप घालावं लागत नाही. साखरेचं पथ्य कडक असेल तर डाळिंब वगळा आणि एक चमचा चिंचेचा कोळ घ्या.

टोमॅटो चिमट्यात धरून किंवा जाळीवर ठेवून थेट गॅसवर भाजा. साल काळी पडून फुटली की सोला आणि आतला गर हाताने कुस्करा. भरताच्या वांग्यासारखीच ही रीत. कच्च्या टोमॅटोपेक्षा भाजलेल्याची चव कितीतरी भरीव लागते, आणि मीठ कमी असलेल्या पदार्थाला असाच भरीवपणा हवा असतो.

चिरणं आणि चिकन मुरवणं

चिरायचा पाट एकच असेल तर आधी सगळ्या भाज्या चिरून बाजूला ठेवा, चिकन सगळ्यात शेवटी. मग पाट-सुरी साबणाने धुवा. उलट क्रमाने केलं तर कच्च्या चिकनमधले जंतू कोबीला लागतात, आणि कोबी आपण अर्धाकच्चाच खाणार आहोत.

चिकन धुण्यावरून आपल्याकडे वाद होतो. तीन पाण्यांनी धुतल्याशिवाय बऱ्याच घरांत ते कढईत जात नाही. खरं तर जंतू मरतात ते आचेने. धुताना उडालेल्या तुषारांनी ते ओट्यावर, नळावर आणि शेजारच्या भांड्यांवर पसरतात. मन मानतच नसेल तर नळाच्या जोरदार धारेखाली तरी धरू नका. पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने बुडवून काढा, पाणी सावकाश ओता आणि नंतर सिंक घासून घ्या.

मग ते पुसायचं. ही पायरी कोणी गंभीरपणे घेत नाही आणि तिथेच पदार्थ बिघडतो. कागदी टिपकागदाने किंवा यासाठीच ठेवलेल्या सुती फडक्याने चिकन दाबून दाबून कोरडं करा. फडकं लगेच गरम पाण्यात उकळायला टाका. टॉवेलच्या गावात फडक्यांना तोटा नाही, पण चिकनचं फडकं वेगळं आणि रंगावरून ओळखू येईल असं असावं.

अख्खा तुकडा फ्रीझरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं ठेवलात तर जरा घट्ट होतो आणि पातळ काप पाडणं सोपं जातं. तेवढ्यात भाज्या चिरून होतात. छातीच्या मांसात लांब धागे एकाच दिशेने गेलेले दिसतात. सुरी त्या धाग्यांना आडवी चालवा. धागा आखूड झाला की घास मऊ लागतो. धाग्याच्या दिशेने कापलं तर तोच तुकडा चावून चावून दमायला होतं. काप करंगळीएवढे लांब आणि अर्धा सेंटिमीटर जाड ठेवा. जाडी सारखी हवी, नाहीतर काही काप कच्चे राहतात आणि काही वाळतात.

आता सोड्याला पर्याय. कापांना दीड लहान चमचा कॉर्नफ्लोअर, अर्ध्या लिंबाचा रस, निम्मी मिरपूड, मोजलेल्या मिठातलं निम्मं मीठ आणि तेलातले पाच-सहा थेंब हाताने चोळून लावा. पंधरा मिनिटं झाकून फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नको. कॉर्नफ्लोअरचा पातळ थर आतला रस धरून ठेवतो आणि शेवटी तोच मसाल्यालाही चिकटवून घेतो. लिंबाने मांस सैल होतं, पण तासभर ठेवलं तर उलट पिठूळ लागतं. पंधरा-वीस मिनिटं पुरेत.

मिठाचे दोन भाग का? सगळं मीठ आधी चिकनला लावलं तर भाज्या फिक्या लागतात. सगळं भाज्यांवर टाकलं तर त्या पाणी सोडतात. उरलेलं निम्मं मीठ अगदी शेवटी, पदार्थ उतरवल्यावर भुरभुरायचं. वर राहिलेला मिठाचा कण जिभेला थेट लागतो, त्यामुळे तेवढंच मीठ जास्त वाटतं.

भाज्यांत गाजर तिरकं आणि पातळ चिरा, फरसबी तिरकी दोन इंचांची. ढोबळी मिरचीच्या उभ्या फोडी, कांद्याच्या जाड पाकळ्या, कोबी बोटभर रुंद पट्ट्यांत. लसूण ठेचायचा नाही, चिरायचा. ठेचलेला लसूण मोठ्या आचेवर क्षणात करपतो. भाज्या धुतल्यावर त्याही पूर्ण निथळून घ्या.

एका वाटीत भाजलेल्या टोमॅटोचा गर, डाळिंबाचा रस, दोन मोठे चमचे पाणी आणि उरलेलं अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर ढवळून ठेवा. कढई तापली की काही शोधायला वेळ नसतो, म्हणून सगळं हाताशी आणि घालायच्या क्रमाने मांडा.

कढईवर

पाणी १०० अंशांना उकळतं. मांसावर किंवा भाजीवर जोवर ओल आहे तोवर तिचा पृष्ठभाग त्यापुढे तापत नाही. खमंग तपकिरी रंग आणि भाजल्याची चव साधारण १४० अंशांपुढे यायला लागते. हॉटेलच्या भट्टीवर ओल क्षणात उडते. घरच्या शेगडीत तेवढी ताकद नसते, म्हणून आपल्याला दोन गोष्टी पाळाव्या लागतात: सगळं कोरडं हवं, आणि एका वेळी थोडंच. या दोन्ही पाळल्या तर साध्या शेगडीवरही चांगलं होतं.

लोखंडी कढई सर्वांत उत्तम. पातळ लोखंडी तवा खोलगट असेल तर तोही. नॉनस्टिक भांडं एवढ्या आचेसाठी नसतं. ते रिकामं खूप तापलं तर त्याचा लेप खराब होतो आणि धूरही वाईट. तेल रिफाइंड शेंगदाण्याचं किंवा करडईचं घ्या. घाण्याचं तेल चटणीवर घ्यायला छान, पण मोठ्या आचेवर ते लवकर धुरावतं.

कढई मोठ्या शेगडीवर, पूर्ण आचेवर, रिकामीच तापवा. पाण्याचा थेंब टाकला की तो चरचरून बसायच्या ऐवजी मोत्यासारखा घरंगळत पळाला पाहिजे. मग एक लहान चमचा तेल सोडा, कढई फिरवून पसरवा आणि लगेच निम्मं चिकन घाला. काप एकमेकांवर न चढवता पसरा, आणि मग हात मागे घ्या. सगळ्यांनाच उलथनं खाली ठेवणं जड जातं. पण पाऊण ते एक मिनिट ते तसंच राहू दे. आधी काप कढईला चिकटलेले असतात. खालची बाजू तांबूस झाली की स्वतःहून सुटतात. तेव्हा उलटा, आणखी मिनिटभर द्या, ताटलीत काढा. दुसरा हप्ताही तसाच. यात नवं तेल लागत नाही, पहिल्याचंच पुरतं.

सगळं चिकन एकदम घातलं तर कढई गार पडते, चिकन पाणी सोडतं आणि पांढरटसर उकडतं. खळखळ ऐकू आली की समजायचं, घाई नडली. तसं झालंच तर पाणी वाटीत ओतून घ्या (नंतर सॉसच्या वाटीत मिसळता येतं), कढई पुन्हा तापवा आणि पुढे चला.

आता उरलेलं तेल. गाजर आणि फरसबी आधी, दीड-दोन मिनिटं. त्यानंतर कांदा आणि ढोबळी मिरची, एक मिनिट. मग कोबी, अर्धा मिनिट. कोरडं पडलं, खाली लागायला लागलं, तर तेल वाढवू नका. चमचाभर पाणी कढईच्या कडेने सोडा, वाफेने काम होतं. भाज्या दाताखाली कुरकुरीत राहिल्या पाहिजेत, पण ज्येष्ठांच्या दातांचा विचार करून गाजर-फरसबी आधी तीन मिनिटं वाफवून घेतलीत तरी चव जात नाही. ते निथळून मात्र घ्या.

भाज्या कडेला सारून मध्ये जागा करा, आच मध्यम करा आणि तिथे लसूण, आलं, मिरची घाला. दहा-पंधरा सेकंद, वास सुटेपर्यंत. चायनीजच्या बहुतेक कृती लसूण सुरुवातीला घालायला सांगतात. दोन चमचे तेलात तो तिथे टिकत नाही, काळा पडतो. म्हणून मी तो इथे घालते.

लगेच चिकन परत कढईत, त्याबरोबर ताटलीत सुटलेला रसही. आच पुन्हा मोठी. वाटीतला टोमॅटो-डाळिंबाचा सॉस एकदा ढवळून कडेने ओता. तो उकळतो, अर्ध्या मिनिटात दाटतो आणि सगळ्यावर चकाकी येते. उरलेली मिरपूड आणि एक मोठा चमचा कारळ्याची पूड टाकून दोनदा वरखाली करा. सर्वात जाड काप मधोमध तोडून बघा: गुलाबी छटा नको, रस स्वच्छ हवा. घरात मांसाचा थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७४ अंश सेल्सियस.

गॅस बंद. आता अर्ध्या लिंबाचा रस, राखलेलं मीठ, कांद्याची पात. लिंबू आचेवर घातलं तर त्याचा ताजेपणा उडतो. आणि लोखंडी कढईत आंबट पदार्थ ठेवू नका, काळा पडतो आणि धातूची चव येते. लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

एवढ्या मापात माणशी सोडियम ४०० मिलिग्रॅमच्या आसपास बसतं. त्यातला मोठा वाटा पाव चमचा मिठाचा, बाकी चिकन आणि भाज्यांचं अंगचं. तेल माणशी एक लहान चमचा.

ताटात बरोबर काय

इथे सोलापूरकरांचं नशीब चांगलं. ज्वारीच्या भाकरीत मीठ घालायची पद्धतच नाही. मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर मग बोलायलाच नको. पाव किंवा विकतचे नूडल्स घेतलेत तर त्यांचं मीठ ताटात येतं. कडक भाकरी पाकिटातली असेल तर मागचा मजकूर वाचा, काही जण त्यात मीठ घालतात. गरम भाकरीत हे चिकन गुंडाळून खाल्लं की वेगळं कालवण लागत नाही. साखर असणाऱ्यांनी भाकरी एक आणि भाज्या दुप्पट असं धरावं.

पापड नको. मिठाशिवाय त्यात पापडखार असतो आणि तोही सोडियमचाच. लोणच्याची फोड नको. शेंगा चटणीवाचून घास उतरत नसेल तर चिमूटभर घ्या, पण मग कढईतलं शेवटचं मीठ वगळा. घरात बाकीच्यांना पथ्य नसेल तर दोन कढया करत बसू नका. त्यांच्या ताटात वरून मीठ द्या. वेगळा स्वयंपाक झाला की पथ्याच्या माणसाला आपण आजारी आहोत असं दर जेवणाला वाटतं.

पहिले काही दिवस हे फिकं लागेल, त्यात नवल नाही. मीठ कमी केल्यावर जीभ काही आठवड्यांत जुळवून घेते, आणि नंतर हॉटेलचं तेच चिकन खारट लागायला लागतं. तोवर आंबट आणि तिखट थोडं पुढे ठेवा. तिखटाला या पथ्यात बंदी नाही. पोटाची तक्रार असेल तर तेवढं बघा.

काही बदल

ज्यांना गव्हाचं वर्ज्य आहे त्यांनाही हे चालतं. नेहमीच्या सोयासॉसमध्ये गहू असतो, इथे तो नाहीच. कॉर्नफ्लोअर मक्याचं असल्याची खात्री पाकिटावर करून घ्या. सवयीने चिमूटभर हिंग घालणार असाल तर थांबा, डबीतल्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

श्रावणात किंवा वाराच्या दिवशी चिकनच्या जागी पनीर. घरी फाडलेल्या दुधाचं, मीठ न घातलेलं. ते मुरवायचं नाही, फक्त कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून दोन्ही बाजूंनी तांबूस करायचं. पनीरात स्निग्धांश जास्त, तेव्हा चिकनच्या निम्म्या वजनाचं घ्या आणि मशरूम वाढवा. मशरूम मात्र वेगळे, कोरड्या कढईत आधी परता. ते भरपूर पाणी सोडतात. ते आटून कडा तपकिरी झाल्यावरच भाज्यांत मिसळा.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, उन्हाळ्यात तासाभरातच. दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून खाता येतं, पण भाज्यांचा कुरकुरीतपणा गेलेला असतो. त्यापेक्षा चिरलेल्या भाज्या कोरड्या डब्यात आणि मुरवलेलं चिकन वेगळ्या बंद डब्यात, फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. मुरवणात लिंबू तेवढं आयत्या वेळी घाला. कामावरून आल्यावर पंधरा मिनिटांत ताट वाढता येतं. ऑफिसच्या डब्यात उन्हाळ्याच्या दिवसांत हे देऊ नका. सकाळी सातला भरलेला डबा दुपारी दीडला उघडतो, आणि चिकनला तेवढा वेळ बाहेर राहणं झेपत नाही.